फुकटचे इंटरनेट आणि नागरिकांची हरकत

‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ या शब्दांनी संपणारी जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दिसली, की सहसा कोणी तिच्यापाशी थांबत नाही. शहराचा विकास आराखडा असो, वीजदराची वाढ असो वा एखाद्या नियमाचा मसुदा असो, हरकत नोंदविणे हे आपले काम नव्हे, ते वकिलांचे आणि ज्यांचा धंदा त्यात गुंतला आहे त्यांचे, अशी आपली पक्की समजूत असते. निर्णय आधीच झालेला असतो, सूचना केवळ उपचार म्हणून मागवितात, असा अनुभवही गाठीशी असतोच.

या समजुतीला २०१५ च्या उन्हाळ्यात एक मोठा धक्का बसला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २७ मार्च २०१५ रोजी इंग्रजीत ११८ पानांचे एक विचारपत्र प्रसिद्ध केले आणि त्यात २० प्रश्न विचारले. अशा विचारपत्रांना एरवी दूरसंचार कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मोजके तज्ज्ञ उत्तरे देतात. या वेळी मात्र महिनाभरात १० लाखांहून अधिक नागरिकांची पत्रे ई-मेलने दिल्लीला पोचली. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला: इंटरनेटवर ग्राहक काय पाहतो, कोणाचे पाहतो, यावरून कंपनीला वेगवेगळे दर आकारता येणार नाहीत. जगातील एक बलाढ्य कंपनी आणि देशातील मोठ्या दूरसंचार कंपन्या यांच्या मताविरुद्ध हा निर्णय झाला होता.

या घटनेला आता दशक उलटून गेले आहे. तिची उजळणी करण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नव्हे. त्या वेळी नाकारलेली मागणी आज वेगळा पोशाख घालून पुन्हा दारात उभी आहे. आणि तो लढा कसा जिंकला गेला, याविषयी आपला गैरसमज आहे. ‘लाखो लोक एकवटले म्हणून सरकार नमले’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात संख्येचे बळ विरुद्ध बाजूकडे अधिक होते. नागरिकांची बाजू टिकली ती विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्यामुळे. हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे.

वाहकाचा धर्म

प्रथम मूळ प्रश्न काय होता ते पाहू. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हे नाव २००३ साली टिम वू या अमेरिकी कायदेपंडितांनी रूढ केले. आपण त्याला इंटरनेटची समानता म्हणू. नाव नवे असले तरी तत्त्व जुने आहे. सोलापूर-पुणे महामार्गावर मालमोटारीला टोल पडतो तो तिच्या आकारमानावरून. आत या कारखान्याच्या चादरी आहेत की त्या कारखान्याचे टॉवेल, हे टोलनाक्यावरचा माणूस विचारीत नाही, आणि अमुक कारखानदाराशी करार आहे म्हणून त्याच्या गाड्यांना फुकट सोडून बाकीच्यांना रांगेत उभे करीत नाही. रस्ता वापरल्याचे पैसे जरूर घ्यावेत. पण माल कोणाचा हे पाहून घेऊ नयेत.

हा धर्म वाहकांनी आपणहून पाळला नाही, तो त्यांच्याकडून पाळून घ्यावा लागला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल कंपनीला रेल्वेकंपन्या गुपचूप भाड्यात सूट देत आणि तिचे छोटे प्रतिस्पर्धी त्या ओझ्याखाली चिरडले जात. अशा पक्षपाताला आळा घालण्यासाठी तेथे १८८७ साली कायदा झाला. आपल्याकडेही १८९० च्या रेल्वे कायद्याने मालाची वाहतूक पक्षपात न करता करण्याचे बंधन रेल्वेवर घातले होते. टेलिफोनच्या बाबतीत एक मजेदार कथा सांगतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्यासाठी आलेले फोन टेलिफोन केंद्रावरील बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवितात, असा त्यांना संशय आला. त्या संतापातून त्यांनी माणसाच्या मध्यस्थीवाचून फोन जोडणारे यंत्र शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. मधल्या माणसाने निवड करू लागावे आणि व्यापार त्याच्या मुठीत जावा, हे दुखणे असे फार जुने आहे.

आपल्या बाजारपेठांनाही ते ठाऊक आहे. कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या बाजार समितीत कर्नाटकातूनही माल येतो आणि उघड लिलाव होतो. पण बाजार नियंत्रित होण्यापूर्वी अनेक पेठांतून हत्ता पद्धत चाले. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याला सौदा काय झाला हे कळतच नसे. नियंत्रित बाजाराच्या कायद्यांनी तो रुमाल दूर केला. बाजार समित्यांचा पुढचा कारभार कसा झाला हा निराळा विषय; परंतु बाजाराच्या दारावर बसणाऱ्याने आत कोणाचा माल उजेडात यावा हे ठरवू नये, हा विचार आपल्याला परका नाही.

११८ पानांचे उत्तर

आता २०१४-१५ मधील घटनाक्रम पाहू. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या संभाषणासाठी वेगळे दर जाहीर केले आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतले. त्यानंतर मार्चमध्ये ट्रायचे विचारपत्र आले. इंटरनेटवरून संदेश, संभाषण, चित्रफिती पुरविणाऱ्या सेवांना परवाने असावेत काय, दूरसंचार कंपन्यांना त्यांच्याकडून वेगळा मोबदला मिळावा काय, अशा आशयाचे प्रश्न त्यात होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘एअरटेल झीरो’ योजना पुढे आली. ज्या कंपन्या एअरटेलला पैसे देतील त्यांची सेवा ग्राहकाला फुकट, बाकीच्यांची पैसे मोजून, असे तिचे स्वरूप होते.

या विचारपत्राला उत्तर देण्याचे काम काही तरुण पत्रकार, वकील आणि संगणकतज्ज्ञांनी अंगावर घेतले. निखिल पाहवा, किरण जोन्नलगड्डा, अपार गुप्ता ही त्यांतील काही नावे. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, मोर्चा नव्हता. ‘सेव्ह द इंटरनेट’ या नावाने एकत्र येऊन त्यांनी ११८ पाने वाचली, सोप्या भाषेत त्यांचा सारांश केला आणि विसाही प्रश्नांची उत्तरे तयार करून लोकांपुढे ठेवली. ज्याला पटेल त्याने ती स्वतःच्या नावाने पाठवावीत, हवे ते बदल करावेत, अशी सोय केली. मुंबईतील ‘एआयबी’ या विनोदी कार्यक्रम करणाऱ्या गटाने एक चित्रफीत काढली आणि विषय महाविद्यालयांच्या कट्ट्यावर पोचला. लोकांनी फ्लिपकार्टच्या अ‍ॅपला सर्वांत खालची श्रेणी देण्याचा सपाटा लावला; १४ एप्रिल रोजी फ्लिपकार्टने ‘एअरटेल झीरो’तून माघार घेतली. पाठोपाठ प्रवासाची तिकिटे विकणारी क्लियरट्रिप ही कंपनी फेसबुकच्या ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ योजनेतून बाहेर पडली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या कार्यकर्त्यांनी केलेले मोलाचे काम घोषणेचे नव्हते, ते कारकुनीचे होते. किचकट सरकारी कागद बारकाईने वाचणे, प्रश्न समजून घेणे, मुद्देसूद उत्तर लिहिणे आणि ते मुदतीत पोचविणे, हे काम आपल्यापैकी अनेकजण शाळेत, कचेरीत रोज करीत असतात. त्याला चळवळ म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढेच.

फुकटाचा अर्थ

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’चे नामांतर सप्टेंबर २०१५ मध्ये ‘फ्री बेसिक्स’ असे झाले. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकाला फेसबुक आणि काही निवडक संकेतस्थळे एक पैसाही न देता पाहता यावीत, अशी ही योजना होती. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरे विचारपत्र काढून विचारले, की मजकुरानुसार वेगळे दर आकारू द्यावेत काय? फेसबुकने प्रचाराची राळ उडविली. वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती झळकल्या. संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी २८ डिसेंबर रोजी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला. या शेतकऱ्याला ‘फ्री बेसिक्स’मुळे पावसाचा अंदाज कळतो, शेतमालाचे भाव कळतात, मग अशा सोयीला विरोध कोण करील, आणि का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर मुळीच टाळू नये. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला थोडे मिळाले तर बिघडले कोठे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळी किंमत लावणे नेहमीच वाईट असते असेही नाही. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या पासात सवलत मिळते, ती आपण योग्यच मानतो.

पण सवलतीच्या पासात आणि या योजनेत एक मूलभूत भेद आहे. पास असलेला विद्यार्थी त्या मार्गावरील कोणत्याही थांब्यावर उतरू शकतो. ‘फ्री बेसिक्स’ची गाडी फुकट होती, पण ती ठरवून दिलेल्या थांब्यांवरच थांबणार होती, आणि थांब्यांच्या अटी गाडी सोडणारा ठरविणार होता. त्या शेतकऱ्याला बाजारभाव दिसले असते ते त्या यादीत असलेल्या संकेतस्थळाचे. उद्या आपल्या विजापूर वेशीतील एखाद्या पदवीधराने सोलापूर, लासलगाव आणि बंगळूरच्या कांद्याच्या भावांची तुलना करणारे अधिक चांगले संकेतस्थळ काढले असते, तर ते पाहायला शेतकऱ्याला पैसे मोजावे लागले असते. फुकट आणि विकत यांच्या स्पर्धेत गुणवत्तेला वाव राहत नाही. नव्या व्यावसायिकाच्या वाटेत असा अडथळा उभा राहिला, की बाजार मोजक्यांच्या हाती जातो आणि पुढे त्याची किंमत ग्राहकच मोजतो, हे आपण वर्गात अल्पाधिकाराच्या प्रकरणात शिकवितो. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील अनेक प्राध्यापकांनी या योजनेविरुद्ध निवेदन काढले. गरिबाला इंटरनेट स्वस्त मिळावे याबद्दल दुमत नव्हतेच. त्याला संपूर्ण इंटरनेट मिळावे की कोणी निवडून दिलेला तुकडा, एवढाच वाद होता.

मोजणी नव्हे, उत्तर

दुसऱ्या विचारपत्रावर ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांतील जवळजवळ १९ लाख फेसबुकच्या मोहिमेतून आलेले, ‘फ्री बेसिक्स’ला पाठिंबा देणारे होते. हे मतदान असते तर निकाल स्पष्ट होता. परंतु या पत्रांतील बहुतेकांत ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांचा उल्लेखच नव्हता. ‘ही योजना चांगली आहे, ती चालू ठेवा’ एवढाच त्यांचा आशय. फेसबुकने आपल्या सभासदांना प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगावे, असे ट्रायने कळविले. हे प्रकरण वाढले तेव्हा जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने कडक शब्दांत बजावले, की सल्लामसलतीचे रूपांतर घडवून आणलेल्या जनमतचाचणीत करू नये. फेब्रुवारीत आर. एस. शर्मा यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने निर्णय दिला तो कारणे देऊन. आणीबाणीच्या प्रसंगाचा अपवाद ठेवून भेदभावाच्या दरांना बंदी झाली आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये, असा भुर्दंड ठरला. तीन दिवसांत फेसबुकने भारतातील ‘फ्री बेसिक्स’ गुंडाळले.

केवळ संख्येवर विसंबले तर काय होते, हे अमेरिकेने दाखवून दिले. तेथील दूरसंचार आयोगाने २०१५ साली इंटरनेटच्या समानतेचा नियम केला आणि २०१७ साली तो रद्द करताना जनतेची मते मागविली. सुमारे २ कोटी २० लाख मते आली. न्यूयॉर्क राज्याच्या महाअधिवक्त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीत त्यांतील जवळजवळ १ कोटी ८० लाख बनावट निघाली. लक्षावधी मते कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेने घुसडली होती. आणि ७० लाखांहून अधिक पत्रे एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एकट्याने यंत्राच्या साहाय्याने पाठविली होती, तीही नियमाच्या बाजूने! म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजणीचा खेळ झाला आणि खरा नागरिक त्या गर्दीत हरवला. आता तर यंत्रे माणसासारखी पत्रे क्षणात लिहितात. यापुढे पत्रांचा ढीग हे जनमताचे लक्षण मानणे अधिकच धोक्याचे ठरेल. उरेल ते मुद्द्याला धरून, स्वानुभवावर उभे असलेले उत्तर.

जिंकल्यानंतर

२०१६ नंतर जे घडले त्याने ‘गरिबाला इंटरनेट मिळायचे तर ते तुकड्यानेच मिळेल’ हा दावा खोटा ठरविला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, दरांचे युद्ध पेटले, आणि २०१४ मध्ये एका जीबीला अडीचशे रुपयांच्या पुढे असलेला सरासरी दर काही वर्षांतच दहा-बारा रुपयांवर आला. ‘फ्री बेसिक्स’ची भागीदार रिलायन्स कम्युनिकेशन्स २०१७ अखेर मोबाइल सेवेतूनच बाहेर पडली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने समानतेचे तत्त्व दूरसंचार परवान्यांच्या अटींत घातले आणि मजकूर अडविणे, संथ करणे वा कोणाला झुकते माप देणे, यांवरही बंदी आली.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. त्याच दरयुद्धात अनेक कंपन्या बुडाल्या वा विकल्या गेल्या. आज मोबाइल सेवेतील खासगी कंपन्या तीनच उरल्या असून बहुसंख्य ग्राहक त्यांतील दोघींकडे आहेत. जुलै २०२४ मध्ये या तिघींनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले, तेव्हा ग्राहकाला जायला जागा उरली नव्हती. रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील चित्रवाणी व्यवसायांचे विलीनीकरणही नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ज्याचा रस्ता त्याचाच मालही. अशा काळात वाहकाने निवड करू नये या नियमाची गरज वाढते, कमी होत नाही.

नेमक्या याच काळात दूरसंचार कंपन्यांची जुनी मागणी ‘न्याय्य वाटा’ असे गोड नाव घेऊन परत आली आहे. ज्या मोठ्या कंपन्यांच्या चित्रफितींमुळे जाळ्यावर ताण पडतो त्यांनी जाळ्याचा खर्च उचलावा, असे त्या म्हणतात. वरवर हे रास्त वाटते; विदेशी बड्या कंपन्यांविषयी कोणाला कळवळा असण्याचे कारणही नाही. परंतु त्या चित्रफिती मागविणारा ग्राहक त्यासाठी आपल्या कंपनीला आधीच पैसे देत असतो. एकाच वाहतुकीचे दोन्ही टोकांकडून भाडे घेण्याची मुभा एकदा मिळाली, की ते देणे बड्यांना परवडेल, नव्याने धंदा करू पाहणाऱ्याला परवडणार नाही. दक्षिण कोरियात असे शुल्क आहे. तेथून ट्विच या प्रसारण कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये याच खर्चाचे कारण देऊन काढता पाय घेतला. अमेरिकेत २०२४ मध्ये पुन्हा केलेला समानतेचा नियम जानेवारी २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने रद्द ठरविला. जिंकलेला नियम कायमचा जिंकलेला नसतो, हाच याचा अर्थ.

समानतेचा नियम म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा, असे मात्र कोणी समजू नये. शोधयंत्रे, अ‍ॅपची दुकाने, समाजमाध्यमे यांच्या मालकांची मक्तेदारी या नियमाने मोडत नाही. रस्ता मोकळा असला तरी पेठेतील सगळी दुकाने एकाची असू शकतात. पण रस्ताच अडला तर दुसरे दुकान निघण्याची आशाही संपते.

मराठीत कोण विचारणार?

२०१५ च्या त्या लढ्यातील उणीवही सांगितली पाहिजे. तो बव्हंशी इंग्रजीत लढला गेला. ज्याच्या नावाने वाद चालला होता तो महाराष्ट्रातील शेतकरी, आपल्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगार किंवा विडी वळणारी बाई यांच्यापर्यंत ते २० प्रश्न पोचलेच नाहीत. एका बाजूने त्यांची गरिबी पुढे केली, दुसऱ्या बाजूने त्यांचे हित सांगितले. त्यांना स्वतःला कोणी विचारले नाही. शिवाय एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने पत्रे पाठविणाऱ्या लाखो नागरिकांचे ई-मेल पत्ते सरसकट प्रसिद्ध करून टाकले. मत देणाऱ्याची अशी कदर केली, तर पुढच्या वेळी साधा माणूस पुढे येताना दहादा विचार करील.

या दोन्ही गोष्टी सुधारण्याजोग्या आहेत. वीजदराच्या प्रश्नावर आपले यंत्रमागधारक आणि ग्राहक संघटना वीज नियामक आयोगापुढे हरकती मांडतात, आकडे तपासतात, वाद घालतात. तीच सवय इंटरनेटच्या बाबतीत लागायला काय हरकत आहे? नियामकाच्या विचारपत्रांचा सारांश मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या भाषांतून निघावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत हे काम महाविद्यालयांनी करावे. अर्थशास्त्र आणि वाणिज्य विभागांनी वर्षातून एखादे विचारपत्र विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे, त्याचे मराठीत टिपण करावे आणि मुदतीच्या आत उत्तर पाठवावे. प्रकल्पाच्या नावाखाली इकडची-तिकडची पाने चिकटविण्यापेक्षा त्यातून अर्थशास्त्र अधिक समजेल. कचेरीत टिपणी लिहिण्यात आयुष्य गेलेल्या निवृत्त मंडळींचा हात या कामी फार उपयोगी पडेल.

दहा लाख लोकांनी एकदा पत्रे लिहिली म्हणून रस्ता मोकळा राहिला, हे खरे. पण रस्त्यावर कोणी पुन्हा अडथळा ठेवणार असेल, तर तो रातोरात ठेवणार नाही. तो आधी एक जाडजूड इंग्रजी विचारपत्र काढून, आपल्याला विचारून ठेवील. त्या पत्राच्या शेवटी प्रश्न असतील आणि उत्तराची तारीख असेल. त्या तारखेच्या आत आपल्यापैकी किती जणांनी ते वाचलेले असेल, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.